गुडघे पाहुण्यांचे, पोटं आपली

उन्हाळ्यात भारतात येऊ घातलेल्या परदेशी बाईला सगळं जग एकच सल्ला देतं. खांदे झाका, गुडघे झाका, सैल घाला, सुती घाला, ओढणी पिशवीत असू द्या. प्रवासाची पुस्तकं हेच सांगतात, विमानात शेजारी बसलेले काका हेच सांगतात आणि पूर्वी कधीतरी गोव्याला येऊन गेलेली तिची मैत्रीणही हेच सांगते. (गोव्यात तिनं स्वतः काय घातलं होतं, ते ती सांगत नाही.) बाई ऐकते. चार कुडते घेते, दोन पायघोळ सलवारी घेते आणि एप्रिलच्या रणरणत्या दुपारी पौडच्या बाजारात नखशिखान्त झाकलेली उभी राहते. शेजारी रसवंतीवर आपला पुण्याचा तरुण ग्लास रिचवत असतो. बिनबाह्यांचा बनियन, त्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा बास्केटबॉल संघाचं नाव, खाली गुडघ्याच्या बरीच वर संपलेली चड्डी, पायात स्लिपर. ती त्याच्या देशाचे कपडे घालून आलीय, तो तिच्या. टक लावून मात्र एकटा तोच बघतोय.

मुळशी तालुक्यात अशा पाहुण्यांची नवलाई नाही. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथं कुठकुठल्या देशांतली सोळा-अठरा वर्षांची पोरं शिकायला येतात. कोळवणला चिन्मय विभूती आहे, हाडशीला पांडुरंग आहे. धरणाच्या काठानं शांतता विकणारी रिसॉर्टं आहेत आणि त्या शांततेवर जीएसटी वेगळा आहे. हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येते, फक्त हे हिंजवडीला कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा गोरी, काळी, पिवळी, सगळ्या रंगांची माणसं पौड रस्त्यावर दिसतात आणि त्यांच्यातली बहुतेक अंगभर कपड्यांत दिसतात. सल्ला फळला म्हणायचा.

ऑगस्ट २०१६ मध्ये तर हा सल्ला थेट केंद्र सरकारनं मनावर घेतला होता. तेव्हाचे पर्यटन राज्यमंत्री महेश शर्मा यांनी आग्र्यात सांगितलं, की परदेशी पाहुण्यांना विमानतळावर एक स्वागत संच मिळतो आणि त्यातल्या कार्डावर काय करावं, काय करू नये हे लिहिलेलं असतं. लहान गावात रात्री एकटं फिरू नये, स्कर्ट घालू नये वगैरे. ओरड झाली तेव्हा मंत्रिमहोदयांनी खुलासा केला, की आपण फक्त धार्मिक स्थळांबद्दल बोलत होतो. त्याच वर्षी दसऱ्याला राष्ट्रीय स्वयंसेवक संघानं आपली अर्धी खाकी चड्डी सोडून तपकिरी फुल पँट घातली. म्हणजे एकाच वर्षात पाहुण्यांचे आणि यजमानांचे, दोघांचेही गुडघे झाकायची सोय झाली. योगायोगच म्हणायचा, पण सूक्ष्म नियोजनाचा वास येतो.

अर्धी चड्डी ही मुळात आपली नव्हेच. ती साहेबाची. उष्ण देशात काय घालावं या प्रश्नावर गोऱ्यांनी आपल्या इथं बराच विचार करून ठेवलाय, आणि त्यांची उत्तरं बघण्यासारखी आहेत. ऊन मेंदूत शिरू नये म्हणून दलदलीत उगवणाऱ्या सोला नावाच्या झुडपाच्या गाभ्याची हॅट. पोटाला गारवा बाधून कॉलरा होतो अशी समजूत, म्हणून कमरेभोवती लोकरीच्या फ्लॅनेलचा पट्टा. त्याचं नावच कॉलरा बेल्ट. मे महिन्यात लोकरीचा कमरपट्टा! कॉलरा पाण्यातून होतो हे कळल्यानंतरही तो पलटणींत कित्येक वर्षं टिकला. सरकारी वस्तू होती, उगाच कोण काढणार. या सगळ्या खटाटोपात साहेबाच्या हातून एकच शहाणपणाची गोष्ट झाली, ती खाकी अर्धी चड्डी. ती पलटणीत होती, हवालदाराच्या अंगावर होती, शाळेत होती, शाखेत होती. पिढ्यान्‌पिढ्या देशभक्त तिच्यातच वाढले. आणि मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या भवानीच्या दारात फलक लागला, की हाफ पँट आणि बर्म्युडा घालणाऱ्यांना प्रवेश नाही, भारतीय संस्कृतीचं भान ठेवा. फलक त्याच दिवशी उतरला. भान नेमकं किती तास ठेवायचं होतं, ते भाविकांना कळलं नाही.

तुळजापूर मागं सरलं तरी बाकीचे पुढं येत राहिले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायकानं, म्हणजे त्याच्या न्यासानं, तोकडे स्कर्ट आणि फाटक्या जीन्स बंद केल्या. यात माझी तक्रार नाही. देवळाचं घर देवळाचं. तिथं चप्पल काढतो तशी जीन्सही बदलावी. अडचण वेगळीच आहे. समजा, आपली ही कुडतेवाली पाहुणी आपल्या नवऱ्याला घेऊन देवदर्शनाला निघाली. सिद्धिविनायकाला त्याला सांगितलं, नीट अंगभर घाल. तो नीट अंगभर घालून वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्याशी पोचला, तर तिथं सांगतात, शर्ट काढ. पुरुषांनी वरचं अंग उघडं ठेवूनच आत जायचं, ही तिथली रीत. केरळातल्या कितीतरी देवळांतही हीच. आता तो बिचारा रस्त्याच्या कडेला बसून पुस्तक पुन्हा चाळतो. गरम देश, सोज्वळ कपडे, इथपर्यंत त्याला कळलेलं असतं. देवागणिक बटणं उघडमीट करावी लागतील हे पुस्तकात नसतं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नसते. खांदा आणि गुडघा ओळीओळीला येतात, पोट कुठंच येत नाही. कारण उघड आहे, म्हणजे पोटच उघडं आहे. साडी नेसलेल्या आपल्या काकूंची चार बोटं कंबर गाभाऱ्यातसुद्धा दिसते आणि देवीला त्याचं काही वाटत नाही. नऊवारीचा कासोटा घातला की पोटऱ्या दिसतात, त्याचंही काही नाही. पाहुणीनं मात्र तेवढंच पोट टी-शर्टखाली दाखवलं तर पौडच्या पारावर परिषद भरेल. लाज अंगावर कुठं राहते याचा प्रत्येक गावाचा नकाशा वेगळा असतो आणि तो तलाठ्याकडे मिळत नाही.

जुलैत याच तालुक्यात भातलावणी चालते. आंबेमोहराचा मुलूख. चिखलात बाया रांगेनं वाकलेल्या असतात, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाठीवर पूर्वी इरलं असायचं, आता प्लॅस्टिकचा कागद. खताच्या गोणीचाही चालतो. त्या बायांकडे रस्त्यानं जाणारं कुणी ढुंकून बघत नाही. बघितलंच तर मोबाइलवर फोटो काढून ‘मातीशी नाळ’ असं लिहून टाकतात. तेवढाच पाय, तेवढाच चिखल, पण कामाशिवाय आणि पुण्याहून आलेला असेल, तर खाली दोनशे संस्कृतिरक्षक जमतात.

त्या लावणीच्या खाचरांना वळसा घालून रस्ता ताम्हिणीकडे चढतो. पावसाचं म्हणाल तर ताम्हिणी हे महाराष्ट्रातल्या सगळ्यात भिजणाऱ्या गावांपैकी एक; जुलैत इथं एका दिवसात जेवढा पाऊस पडतो तेवढ्यात पुण्याचा अख्खा पावसाळा निभावेल अशी वेळ येते. आणि शनिवारी-रविवारी चांदणी चौकातून सुटलेलं पुणं भुगाव, पिरंगुट, पौड करत इथं येऊन आदळतं. गाडीचं दार उघडं, डिकी उघडी, डिकीतला स्पीकर उघडा, आणि माणूस कमरेपर्यंत उघडा. सोज्वळ देशात काय घालावं हे शोधायला सातासमुद्रापलीकडून आलेल्या पाहुणीला हे दृश्य कोणत्या प्रकरणात घालावं ते समजत नाही. माणसं पंचवीसची असतात, पंचावन्नची असतात. काहींच्या गळ्यात सोन्याची साखळी असते. तेवढाच वस्त्र म्हणवण्याजोगा भाग. पोटं अशी, की कंपनीनं दिलेल्या जेवणाच्या कूपनांचा सगळा हिशेब तिथं मांडलेला. धबधब्याखाली उभं राहून ही मंडळी आरोळ्या ठोकतात आणि खाली उतरताना विंझाईच्या देवळासमोर गाडीतूनच हात जोडतात. शर्ट तोवरही घातलेला नसतो.

त्यांच्याबरोबर आलेल्या बाया बघा. पूर्ण जीन्स, पूर्ण कुर्ता, वर ओढणी. पाण्यात उतरल्या तरी त्यातच. ओली जीन्स अंगावर घेऊन निसरड्या दगडावर चालणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्यानं सभ्यतेवर बोलू नये. दीड तास गारठून मग त्या गाडीत बसतात, सीटवर वर्तमानपत्र पसरून, कारण सीट भिजली तर नवऱ्याला चालत नाही. नवरा वाळलेला असतो. त्याच्या अंगावर भिजण्यासारखं काही नव्हतंच.

२०२४ च्या जूनअखेरीला लोणावळ्याला भुशी धरणापाशी माणसं वाहून गेली, त्यानंतर जिल्हा प्रशासनानं मुळशीसह आसपासच्या पर्यटनस्थळांवर बंधनं घातली. खोल पाण्यात उतरू नका, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नका, दारू पिऊ नका, गाणी मोठ्यानं लावू नका. सगळं रास्त. शर्टाचा विषय त्यात कुठं दिसला नाही. बायांच्या स्कर्टावर केंद्रीय मंत्री बोलतात, न्यास बैठका घेतात. पुरुषाच्या पोटाला सरकारदरबारी वालीच नाही.

आता कुणी म्हणेल, गांधीजीही उघडेच असायचे. असायचे. त्याची गोष्ट मुळशीच्याच आसपासची आहे, सालाच्या हिशेबानं. १९२१ च्या १६ एप्रिलला, रामनवमीला, मुळशी पेट्यातले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. पुढं सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. एप्रिलचं ऊन डोक्यावर, जमीन पाण्याखाली जाणार, आणि बाप्या-बाया दोघंही तिथं. त्याच साली सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी सदरा-टोपी उतरवली आणि पंचा नेसला, कारण अंगभर खादी घेणं गरिबाला परवडत नाही हे त्यांना दिसलं. दहा वर्षांनी त्याच वेशात ते व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढले तेव्हा चर्चिलला मळमळलं. तर, गांधीजींनी सदरा काढला तो कापड परवडत नाही अशांसाठी. ताम्हिणीतल्या मंडळींना कापड परवडतं. ते गाडीच्या बॉनेटवर वाळत पडलेलं असतं, मगरीच्या चिन्हासकट.

पाहुण्यांना दिलेला तो सल्ला, गंमत म्हणजे, उन्हाच्या बाजूनं पाहिला तर शंभर टक्के खरा आहे. लाजेचा भाग सोडून द्या. वाळवंटातले बेदुइन एवढ्या उन्हात काळे झगे का घालतात, या प्रश्नावर १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक टिपण आलं होतं. संशोधकांनी एका माणसाला भर दुपारी उन्हात उभा केला, आळीपाळीनं काळ्या झग्यात, पांढऱ्या झग्यात, लष्करी गणवेशात आणि नुसत्या अर्ध्या चड्डीत. निघालं असं, की काळा झगा ऊन जास्त शोषतो खरा, पण ती उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आत झग्याखाली खेळणारा वारा तिला घेऊन जातो. त्यामुळे अंगाला काळं काय आणि पांढरं काय, सारखंच. सगळी करामत सैलपणाची. आपल्या आजोबांचं धोतर, आजीचं लुगडं, धनगराचं मुंडासं यांना हे ‘नेचर’मध्ये न छापताच माहीत होतं. पुण्याचं आजवरचं सगळ्यात चढं तापमान ४३.३ अंश, ३० एप्रिल १८९७ चं. त्या दिवशी धोतर-उपरण्यातला पुणेकर घामाघूम झाला असेल, पण त्याच्या मांड्यांना जीन्स चिकटली नव्हती.

आपण काय केलं? सैल ते टाकलं, घट्ट ते घेतलं. मे महिन्यात पौड रस्त्याच्या कुठल्याही लॉनवर जा. मुहूर्त साडेबाराचा. मंडपाला पत्रा. नवरदेव थ्री-पीस सुटात, नाहीतर तीन किलो जरीच्या शेरवानीत, गळ्यात मोत्यांची माळ, डोक्यावर फेटा, पायात मोजे. मेव्हणे एकाच रंगाच्या जॅकेटांत, पलटणीसारखे. नवरीच्या शालूबद्दल न बोललेलं बरं. त्या साऱ्या जथ्यात हवामानाला धरून कपडे केलेला माणूस एकच, तो म्हणजे भटजी. खाली सोवळं, वर उपरणं, मध्ये वारा. त्याच्याकडे बघून कुणाला असभ्य वाटत नाही, आणि त्याला चक्करही येत नाही. शिवाय दक्षिणा तोच घेऊन जातो.

वकिलांचं त्यातल्या त्यात बरं. बार कौन्सिलच्या नियमानं उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतरत्र काळा कोट सक्तीचा नाही. म्हणजे तालुका न्यायालयात कोटावाचून न्याय मिळू शकतो, वरच्या न्यायालयात घाम लागतोच. तिथं वातानुकूलन असतं हा भाग वेगळा. शाळेतल्या पोरांना मात्र अशी सूट कुणी लिहून दिलेली नाही. पिरंगुटच्या पुढं भाताच्या खाचरांतून निघालेल्या पिवळ्या बसमधून उतरणारी सहा वर्षांची चिमुरडी बघा, नायलॉनचा टाय, त्यावर शाळेचं बोधचिन्ह, पायात काळे बूट. इंग्रजीतून शिकायचं तर गळा आवळून घ्यावा लागतो, अशी काहीतरी पालकांची समजूत असावी.

आणि लवासा. तेही याच तालुक्यात. दासवे गाव होतं तिथं इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर रंगीत घरांची रांग उभी राहिली. गाव पुरं झालं नाही, कंपनीचं दिवाळं निघालं, पण रांग आहे आणि तिच्यासमोर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. मुलगी पंधरा फूट शेपटाच्या गाऊनमध्ये, शेपूट वाऱ्यावर उडवायला एक पोरगा नेमलेला. मुलगा गॅलिससकट, हातात गिटार. ती वाजवता येत नसली तरी चालते. ऊन मुळशीचं, कपडे युरोपातल्या ऑक्टोबरचे. या गाऊनला खांदे नसतात, पाठ तर नसतेच. पण मुलीचे सासरे स्वतः गाडी चालवत तिला घेऊन आलेले असतात आणि सावलीत बसून कौतुकानं बघतात. कॅमेरा भाड्याचा असला की खांदा शास्त्रोक्त होतो.

हेच सासरे पुढच्या दिवाळीत दुबई-अबुधाबीच्या सहलीला जातात. तिथं शेख झायद मशिदीच्या दारात कपडे कमी पडले तर झाकायला लावतात. सासरे मुकाट झाकतात, वर फोटोही काढून घेतात. दुसऱ्या दिवशी अबुधाबीचं स्वामीनारायण मंदिर, फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलेलं. तिथला नियमही तोच, मान ते घोटा अंग झाकलेलं हवं. मशीद आणि मंदिर यांचं एवढं एकमत दुसरीकडं सहसा सापडायचं नाही. बालीला जा, देवळाच्या दारात सारोंग हातात ठेवतात, गुंडाळा आणि आत चला. कुणी भाषण देत नाही, कुणाची संस्कृती काढत नाही. कापड देतात, परत घेतात. आपली मंडळी तिथं इतकी आज्ञाधारक असतात, की पौडच्या हवालदारानं ती चित्रफीत बघितली तर त्याला भरून येईल.

तेव्हा फलक, स्वागत संच, कार्ड वगैरे सोडून देऊन माझी एक व्यवहारी सूचना आहे. ताम्हिणीच्या चढाला, जिथं गाड्या हटकतात, तिथं गावातल्या महिला बचत गटाला एक टपरी द्यावी. टपरीत लुंग्या आणि सैल सुती बंड्या, चौकटीच्या, धुतलेल्या. उघड्या अंगानं येणाऱ्याची गाडी थांबवायची, कपडा द्यायचा, पन्नास रुपये भाडं, दोनशे अनामत. न घालेल त्याला धबधबा नाही. परतताना कपडा ओला आणला तर सुकवायचे वीस वेगळे. कांदाभजी आणि भाजलेल्या कणसांपेक्षा यात जास्त सुटेल, हे कोणताही गट दहा मिनिटांत काढून दाखवेल. आणि हो, मापं लावताना तरुण मुलं डोळ्यांसमोर ठेवून एस आणि एम भरून ठेवण्याची चूक करू नये. डबल एक्सेल आधी संपतील.